इंडेंचरमधला दात

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या 'इंडेंचर्ड सर्व्हंट'ला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लेखी करारावर राबणाऱ्या नोकराला, मराठीत वेठबिगार म्हणावं की गुलाम. दोन्ही नको. आणि वेठबिगार तर अजिबात नको, अनुवादांमध्ये हा शब्द इतक्यांदा वाचलाय की आता खरंच चिडायला होतं. वेठ म्हणजे संस्कृतातली विष्टि, बिगार फारसीतून आलेला, दोघांचा अर्थ एकच, जबरदस्तीनं फुकट राबवून घेणं. वेठीला धरलेल्या माणसाच्या हातात कागद कुठला, आणि सुटायची तारीख तरी कुठली?

आता इंडेंचर, म्हणजे तो करारनामा, बघा. याच्या पोटात चक्क दात आहे! लॅटिनमध्ये दात म्हणजे 'डेन्स', त्याचंच रूप 'डेन्टिस', आपला दंत आणि दात त्याचेच भाऊबंद. जुन्या काळी एकाच चामडी कागदावर करार दोनदा लिहायचे आणि मधून करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी रेघ मारून कापायचे, एक तुकडा तुला एक मला, उद्या भांडण झालं तर दोन्ही तुकडे जुळवायचे, दातात दात बसला की कागद खरा. भूगोलात कोकणचा 'दंतुर किनारा' शिकलो ना, तोच हा दंतुर. ऑफिसात स्टोअरला 'इंडेंट टाकतात' तोही याच घरातला. म्हणून मी कधीपासून सांगतोय की इंडेंचरला 'दंतुर करार' म्हणा, अर्थही येतो आणि नातंही दिसतं.

यावर एका जाणकारांनी मला ऐकवलं की सतराव्या शतकापर्यंत ते कापणं नुसता उपचार राहिला होता, व्युत्पत्तीवरून इतिहास सांगू नका. मला हे साफ नामंजूर आहे. कडा उपचाराची असेल, पण कागद उपचाराचा नव्हता. लंडन-ब्रिस्टलहून निघताना गरीब पोरं सही किंवा खूण करायची, साधारण 4 ते 7 वर्षं राबायचं, बदल्यात जहाजाचं भाडं, जेवण, कपडे, आणि मुदत संपली की थोडं धान्य, कपडे वगैरे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत 1618 पासून माणूस आणणाऱ्याला माणशी 50 एकर जमीन मिळायची, तंबाखूवाल्यांना आणखी काय हवं होतं! ज्यांच्याकडे कागद नसायचा त्यांची मुदत तिथला रिवाज ठरवायचा आणि ती बहुतेक वेळा जास्तच निघायची. पोरं पळवूनही नेत, 'किडनॅप' शब्द त्याच धंद्यातून आला, किड म्हणजे पोर आणि नॅप म्हणजे उचलणं. हाल प्रचंड होते, मुदत संपायच्या आधीच कितीतरी मेले, ते मी नाकारत नाहीये. पण मुदत होती.

आणि इथेच या करारी नोकरांना 'गोरे गुलाम' म्हणणारे चुकतात. 1619 च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' जहाजानं वीस-बावीस आफ्रिकन उतरवले, पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटलेले, मूळचे अंगोलाकडचे. त्यांच्याकडे कुठला अर्धा तुकडा असणार? तेव्हा गुलामीचा कायदा नव्हता म्हणून तेही करारी नोकरच होते असं काही इतिहासप्रेमी ठासून लिहितात. अहो, कायदा नव्हता याचा अर्थ करार होता असा कसा होतो? अँथनी जॉन्सनसारखे काही आफ्रिकन पुढे मोकळे होऊन जमीनदारही झाले हे खरं, पण ते अपवाद. 1640 मध्ये तीन नोकर एकत्र पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, तिसरा आफ्रिकन जॉन पंच. फटके तिघांनाही. पहिल्या दोघांची मुदत चार वर्षांनी वाढली, पंचला मात्र जन्मभर राबायची शिक्षा. 1662 मध्ये कायदाच आला, मूल मोकळं की गुलाम हे आईवरून ठरणार, म्हणजे गुलाम आईच्या पोराला पोटातूनच मुदत उरली नाही.

कुणी 'गिरमिटिया' सुचवेल, तोही नको. तो 'अॅग्रीमेंट'चा अपभ्रंश, एकोणिसाव्या शतकात मॉरिशस-फिजीला गेलेल्या आपल्या मजुरांचा, त्याला दोनशे वर्षं मागे ओढून व्हर्जिनियात बसवू नका.

हां, तर मूळ प्रश्न. माणसासाठी 'करारबंद चाकर' लिहा, जमलं तर पहिल्यांदा येईल तिथे कंसात मुदत सांगा. आणि कागदासाठी दंतुर करार.