भिंतीवरच्या चौकटी : पट्टी निवडण्याआधी सावली बघा

प्रश्न : आमचं घर गावभागात आहे. हॉल १२ बाय १६ चा, उंची साडेनऊ फूट. माघात मुलाचं लग्न आहे. होणाऱ्या सूनबाईंनी मोबाइलवर भिंतींचे फोटो दाखवले. पांढऱ्या भिंतीवर उठावाच्या चौकटी आणि कडेला सोनेरी रेघ. सुतार म्हणतो एमडीएफमध्ये करू, पीओपीवाला म्हणतो पीओपीच बरं. कुणाचं ऐकावं? २०१९ च्या पुरात हॉलमध्ये साडेचार फूट पाणी होतं.
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, पत्राची शेवटची ओळ पहिली हवी होती. सुतार आणि पीओपीवाला, दोघांनीही ती तुम्हाला विचारलेली दिसत नाही.

त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५ ची. माझ्या मावसबहिणीच्या हॉलमध्ये मीच हौसेने एमडीएफच्या पट्ट्या लावून दिल्या होत्या. पाणी ओसरल्यावर बघायला गेले तर पट्ट्या पुऱ्यांसारख्या टम्म फुगलेल्या, रंग फाटलेला. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबलेला. पाणी प्यायलं की तो पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. पीओपी फुगत नाही, पण भिजून मऊ पडतं आणि बोट लावलं तरी कोर तुटते. तेव्हा पाच फुटांच्या खाली दोन्ही नकोत.

मग काय करायचं? माझे वडील गवंडी होते. कामाला निघताना थापी, ओळंबा आणि पत्र्याचा फर्मा एवढंच बरोबर असायचं. गोटाचा, म्हणजे भिंतीवरच्या उठावाच्या पट्टीचा, आकार पत्र्यात कापायचा, तो फळीला ठोकायचा, भिंतीवर लाकडी पट्टीच्या आधाराने ओल्या मसाल्यावरून सरकवत न्यायचा. चार-पाच फेऱ्यांत अख्ख्या भिंतीचा गोट एका अंगाने निघायचा. सांधा कुठे नाही. आजही जुना गवंडी मिळाला तर सिमेंटच्या गिलाव्यात असा गोट निघतो. पुरानंतर तो धुऊन, वाळवून, रंग मारून पुन्हा उभा राहतो. गवंडी नाहीच मिळाला तर पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची पट्टी घ्या. ती पाणी पीत नाही. मात्र तिच्यामागचा गिलावाच लोणा (ओलीने येणारी खारट पांढरी भुकटी) धरून सुटला तर पट्टीही सुटणार, हे धरून चाला. म्हणून आधी भिंत तपासा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. मागे दव दिसलं तर अजून थांबायचं, लग्न तोंडावर असलं तरी.

आता मांडणी. खरी गंमत इथे आहे, आणि पैसे वाया जातात तेही इथेच. कमरेच्या उंचीला जी आडवी पट्टी मारतात ती मुळात शोभेची नव्हे. खुर्चीच्या पाठीने गिलावा उडू नये म्हणून आली. आपल्या शाळा-कचेऱ्यांत खाली चार फूट ऑइल पेंट, वर चुना आणि मधे काळी रेघ असायची, तीही याच गोत्रातली. तुमच्या साडेनऊ फुटांच्या भिंतीला ही पट्टी जमिनीपासून ३४-३६ इंचांवर घ्या. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या किंचित खाली. निम्म्यावर घेतलीत तर भिंत बुटकी दिसेल.

सोफ्यामागची १२ फुटांची भिंत म्हणजे १४४ इंच. चौकटी तीन करा, चार नकोत. सोफ्याच्या मधोमध चौकट यावी, फट येऊ नये. ४२ इंचांच्या तीन चौकटी झाल्या १२६. उरले १८, म्हणजे साडेचार इंचांच्या चार फटी. वर-खालीही तेवढीच फट ठेवा. कारागिराला 'अंदाजाने बसव' म्हणू नका. आधी दोरा मारून घ्या. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरकसुद्धा रोज जेवताना डोळ्यांत खुपतो. पुरानंतर स्विचबोर्ड वर घेतले असतील, तर ते चौकटीच्या रेघेवर येत नाहीत ना, हे रंगाच्या आधी बघा. बोर्डाला टाळून चौकटीचा कोपरा कापलेला मी तीन घरांत पाहिला आहे.

पट्टी एक ते सव्वा इंच रुंद पुरे. वेलबुट्टीची घेऊ नका. भिंतीवर आपल्याला पट्टी दिसत नसते, पट्टीची सावली दिसते. खिडकी बाजूला असेल तर साधा कंगोराही उठून दिसतो. समोरून ट्यूबलाइट पडत असेल तर महागडं नक्षीकामही सपाट. दोन फुटांचा नमुना दुहेरी चिकटपट्टीने लावा आणि सकाळी, दिवेलागणीला, दिवा लावल्यावर असा तीनदा बघा. मग ठरवा.

सोनेरी रेघेबद्दल सूनबाईंचं मन मोडू नका. एका भिंतीवर, फक्त मधल्या चौकटीला. बाकी पट्टी भिंतीच्याच रंगाची.

प्रश्न : वाईत आमचा जुना वाडा आहे. माजघराच्या भिंती मातीच्या, दोन फूट जाड, कोनाडे आहेत. तिथे अशा चौकटी शोभतील का?
– एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, नाही. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, आणि वर पीओपी किंवा प्लॅस्टिक पेंट चढवलात तर आतली ओल कोंडून गिलावा पापुद्र्यांनी सुटेल. चुन्याचाच गिलावा, चुन्याचीच सफेदी. शोभेचं म्हणाल तर ती तुमच्या घरात आधीच आहे. कोनाड्याची महिरप नीट कोरून घ्या, खाली गेरूचा हातभर पट्टा ओढा. सुरूदार खांबांवर कुणी ऑइल पेंट फासला असेल तर तो उतरवून लाकूड मोकळं करा. मेणवली तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांच्या वाड्यात एकदा सावकाश फिरा. तिथल्या भिंतींवर चित्रं आहेत, पट्ट्या नाहीत. (फिरताना कारागिरालाही सोबत न्या. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल.)

प्रश्न : विश्रामबागेत भाड्याचा फ्लॅट. स्वतःच लावता येतील अशा थर्माकोलच्या पट्ट्या मिळतात, त्या घेऊ का? साफ कशा ठेवायच्या?
– नवविवाहित, सांगली

उत्तर : घ्या, पण सुताराचं पिवळं सोल्यूशन लावू नका, थर्माकोल त्यात विरघळतं. पाण्याच्या डिंकाचं अधेसिव्ह मागा. आणि घरमालकाला आधी विचारा, पट्टी काढताना पुट्टीचे टवके निघतात. धुळीसाठी रंगाचा दोन इंची ब्रश, कोरडा, आठवड्यातून एकदा. तो ब्रश स्वयंपाकघरात ठेवू नका. आमच्याकडे एकदा त्यानेच तव्याला तेल लावलं गेलं.