सगळं ॲपवर असताना इलेक्ट्रॉनिक आणि प्रायोगिक संगीतासाठी मासिकं कशाला वाचायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत राहता, घरात किराणा घराण्याच्या कॅसेटी ऐकत वाढलात, आता इलेक्ट्रॉनिक आणि प्रायोगिक संगीत ऐकायचंय, पण ॲप जे सुचवतं ते सगळं एकाच छापाचं वाटतं. परदेशी संगीत मासिकं वाचून काही फायदा होईल का?

होईल. ॲप तुम्हाला सारखं वाजणारं शोधून देतं. मासिक नात्यातलं शोधून देतं, आणि नात्यातली माणसं एकमेकांसारखी दिसतातच असं नाही.

माझं बरंचसं शिक्षण फोर्टच्या फूटपाथवर झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हुतात्मा चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगात परदेशी संगीत मासिकं मिळायची, वर्ष-दोन वर्षं शिळी. ब्रिटनचं ‘द वायर’, ‘एनएमई’, सिंथेसायझरवाल्यांची मासिकं, सगळं एकात एक. मुखपृष्ठावर चिकटवलेली सीडी बहुतेक वेळा कोणीतरी आधीच काढून नेलेली असायची, डिंकाचा डाग तेवढा शिल्लक. म्हणजे वाचायला भरपूर, ऐकायला काही नाही. काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये (ते 2016 साली बंद झालं) ऐकून बघायची सोय होती, पण मला हव्या असलेल्या नावांपैकी तिथे क्वचितच काही असायचं. त्या टंचाईचे गोडवे मी गाणार नाही. ऐकायला मिळालं असतं तर बरंच झालं असतं. पण त्यामुळे एक सवय लागली. लेखात ओझरतं आलेलं नाव वहीत टिपायचं आणि पुढच्या अंकात ते पुन्हा कुठे सापडतंय ते बघायचं.

एकच माग सांगतो, तुमच्या उपयोगाचा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा न्यूयॉर्कचा रॉक बँड. त्यांच्या 1967 च्या पहिल्या रेकॉर्डवर जॉन केल व्हायोलावर (व्हायोलिनचा थोरला भाऊ) एकच सूर लांबच लांब धरून ठेवतो. ही खोड त्याला कुठून लागली? बँडच्या आधी तो ला मॉन्टे यंग नावाच्या संगीतकाराच्या गटात होता, आणि तिथे तेच चालायचं, तासन्‌तास लावून धरलेले सूर. हा यंग 1970 साली एका हिंदुस्तानी गवयाचा शागीर्द झाला. त्याच सुमारास टेरी रायली हा अमेरिकन संगीतकारही त्याच गवयाकडे गेला आणि शिकण्यासाठी भारतात येऊन राहिला. तो गवई म्हणजे पंडित प्राणनाथ, उस्ताद अब्दुल वाहिद खाँ यांचे शिष्य. घराणं किराणा!

आपल्याकडे किराणा म्हटलं की मिरज, अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेनजी. त्याच घराण्याची दुसरी शाखा न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यांत जाऊन बसली होती, हे मला कुठल्याही मराठी मैफलीत कोणी सांगितलं नाही. वाहिद खाँसाहेब अतिसंथ बढतीसाठी प्रसिद्ध होते (अमीर खाँसाहेबांवरही त्यांचा प्रभाव), आणि प्राणनाथांच्या गाण्यात तानपुरा नुसता साथीला नसतो, तोच निम्मं गाणं असतो. तुमच्या कानाला हे परकं वाटणार नाही, म्हणून सुरुवात इथून करा. आधी प्राणनाथ, मग रायलीचं ऑर्गन, मग यंग. यंगच्या रेकॉर्ड दुर्मिळ आहेत, जे हाती लागेल ते ऐका. जर्मन सिंथेसायझरवाल्यांकडे नंतर वळलात तरी चालेल.

आता चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचेच वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-303. ही 303 एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली होती. बाजारात ती पडली, उत्पादन थांबलं, आणि मग शिकागोच्या पोरांनी स्वस्तात सेकंडहँड विकत घेऊन तिच्यातून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत काढलं. त्यातली फ्यूचर या गटाची गाजलेली रेकॉर्ड 1987 ची. चरणजितजींची रेकॉर्ड त्याआधी पाच वर्षं, आणि खपली नाही. 2010 मध्ये एका डच माणसाने ती पुन्हा काढली, परदेशी मासिकांत लेख आले, आणि ते वाचून मला कळलं की हे गृहस्थ आपल्याच शहरात राहतात. काखेत कळसा! 2015 मध्ये ते गेले. त्याआधी परदेशात त्यांचे कार्यक्रम झाले, हे त्यातल्या त्यात बरं.

‘अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला’ असे मथळे तेव्हा बरेच झळकले. मला ते पटत नाही. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं कुठे दिसत नाही. दोन ठिकाणी एकच यंत्र हाती आलं, दोघांनी आपापलं काम केलं. मथळा विसरून भैरव ऐका. सरकत्या सुरांसाठी त्या 303 मध्ये सोय आहे, आणि रागात वाढलेल्या माणसाने ती बरोबर ओळखली आहे.

याच वाटेवर अहमदाबादही लागतं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर वगैरे मंडळींनी तिथे टेपवर काम केलं. त्या टेपा कपाटात पडून होत्या. त्यांतलं निवडक संगीत 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. काही तुकडे नुसतीच यंत्राशी झटापट आहेत, काही खरोखर दचकवतात.

मासिक कसं वाचायचं? मुखपृष्ठावरची मोठी मुलाखत शेवटी ठेवा, ती बहुतेकदा नव्या रेकॉर्डच्या जाहिरातीसाठी असते. मागची छोटी परीक्षणं आधी वाचा, आणि जाहिरातीसुद्धा, कारण छोट्या लेबलांची, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांची, नावं तिथेच सापडतात. ‘द वायर’मध्ये ‘इनव्हिजिबल ज्यूकबॉक्स’ नावाचं सदर आहे: संगीतकाराला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवतात आणि तो ओळखत, चुकत, चिडत बोलतो. एका सदरात वर्षभर पुरतील एवढी नावं मिळतात. समीक्षकांची इंग्रजी कधीकधी फार फुगलेली असते. विशेषणं सोडा, नावं घ्या.

आवाज मुळात तयार कसा होतो याची उत्सुकता असेल तर ‘साउंड ऑन साउंड’ या मासिकातली गॉर्डन रीड यांची ‘सिंथ सीक्रेट्स’ ही लेखमाला वाचा. 1999 ते 2004 मध्ये आलेले तिचे सगळे, म्हणजे 63 भाग त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

छापील परदेशी अंक टपालखर्चासह परवडत नाही, त्या भानगडीत पडू नका. ‘द वायर’ची डिजिटल वर्गणी घेतली की 1982 च्या पहिल्या अंकापासूनचे सगळे जुने अंक उघडतात. सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ निव्वळ जॅझचीच आहेत, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या अंकांपासून मागे-पुढे करा. वर्गणी घ्यायची नसेल तर इंटरनेट अर्काइव्हवर इतर बऱ्याच जुन्या संगीत मासिकांचे स्कॅन केलेले अंक फुकट वाचता येतात.