मॉरिशसमध्ये डोडो सोडून तिथलं असं काय उरलंय?

डिसेंबरमध्ये मॉरिशसला जाताय आणि ट्रॅव्हलवाला म्हणाला, "तिथलं जनावर म्हणजे डोडो, तो केव्हाच संपला, आता नुसता समुद्र बघा", असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ते वाचून गप्प बसवेना. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2014 ते 2018 मी तिथे राहिले आहे.

हॉटेलच्या बागेत जे दिसेल ते तिथलं समजू नका. साळुंकी, शिपाई बुलबुल, कंठवाला पोपट, मुंगूस, सगळं आपल्याकडून गेलेलं. गंगा तलाव या तिथल्या हिंदूंच्या तीर्थावरची माकडंही बाहेरून आणलेली, आणि ती पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. आपले लोक भक्तिभावाने त्यांना केळी चारतात. चारू नका.

मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर जमिनीवर एकच प्रकार, वाघळं. त्यातलं फळं खाणारं मोठं वटवाघूळ बघितल्याशिवाय परत येऊ नका, आणि त्याला कोणी शिव्या घातल्या तर मान डोलवू नका.

आम्ही कात्र बोर्न या गावी वरच्या मजल्यावर राहायचो, खाली घरमालकीण आजी. तिथल्याच मराठी. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेलेले. गणपतीची आरती तोंडपाठ, बाकी बोलणं सगळं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून बनलेल्या तिथल्या बोलीत. मागच्या अंगणात लिचीचं मोठं झाड होतं. 2015 ची गोष्ट. त्या वर्षी, बागांमधली फळं खातात म्हणून, सरकारने वाघळं मारायची मोहीम काढली होती, तीस हजारांच्या वर मारली. आजींचा मुलगा म्हणायचा, हे फारच कमी, सगळीच संपवायला हवीत. त्याने झाडावर नायलॉनची जाळी भिरकावली होती, सैल, फांद्यांवर नुसती लोंबत असलेली.

एका रात्री दोनच्या सुमाराला किंचाळणं ऐकू आलं. मला वाटलं कोणाचं तान्हं रडतंय. खाली आले तर आजी आधीच अंगणात, हातात बॅटरी आणि शिवणकामाची कात्री. जाळीत वाघूळ अडकलेलं. जितकं धडपडेल तितका दोरा आत रुतत होता, पंखाच्या पातळ कातड्यातून आरपार गेला होता. मी जाड टॉवेलात धरलं. गरम अंग, छातीत धडधडणारं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं. खांद्यावर सोनेरी तपकिरी केस, तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, मोठे ओले डोळे. अंगठ्याची नखी टॉवेलात घट्ट रोवलेली. आजी एकेक दोरा कापत होत्या. पाऊण तास लागला. शेवटी त्याला फांदीला लटकवलं, थोडा वेळ उलटं लटकून पंख चाटलं आणि गेलं. सकाळी मुलगा चिडला, चांगली जाळी कापलीत म्हणून. आजी त्याला क्रिओलमध्ये काय म्हणाल्या मला कळलं नाही, पण त्याने दुसरी जाळी आणली ती लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवली. ताणलेल्या बारीक जाळीवर वाघूळ आपटून निघून जातं, अडकत नाही. त्या मोसमात आम्ही सगळ्यांनी पोटभर लिच्या खाल्ल्या.

हे एवढं लिहिलं कारण या वाघळांवर तिथलं जंगल चालतं. मोठ्या बियांची फळं गिळून लांब नेणारी राक्षसी कासवं संपली. आता हे काम बहुतेक वाघळांच्याच डोक्यावर आहे. मोहीम पुढच्या वर्षीही झाली. बागायतदारांच्या पदरात त्याने काही जास्त पडलं नाही, आणि 2018 मध्ये वाघळांची ती जात आययूसीएन या जागतिक निसर्ग संस्थेच्या यादीत 'धोक्यात' या वर्गात गेली.

आमचं घर पावसचं, आंबा आणि चिकू. थोरल्या दादाशी माझं यावरून फोनवर किती वेळा वाजलंय. तो म्हणतो, 1972 च्या वन्यजीव कायद्यातच वाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, मग मारायला हरकत काय? अरे, यादी करणाऱ्यांनी चूक केली तर आपणही करायची का? मॉरिशसची खरुची, म्हणजे छोटा ससाणा, बघा. फ्रेंच वसाहतवाल्यांनी तिचं नाव ठेवलं 'कोंबड्या खाणारी'. ती खाते मुख्यतः पाली. नाव पडलं, लोकांनी मारली, त्यात जंगल तुटलं, डीडीटी फवारलं, आणि 1974 साली रानात फक्त चार पक्षी उरले होते. कार्ल जोन्स हे पक्षी वाचवणारे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी अंडी उबवून, पिल्लं हाताने वाढवून ती परत आणली. आज काही शे आहेत. गुलाबी कबूतर 1990 च्या आसपास दहाएक उरलं होतं, तेही सावरलं.

आता तुमचं बघणं. माएबूर गावाजवळ इल-ओ-झेग्रेत नावाचं 26 हेक्टरचं बेट आहे, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेचे लोक बोटीने नेऊन फिरवतात. गुलाबी कबूतर, मोठे सरडे, मूळचं आबनुसाचं जंगल एकाच ठिकाणी. खरुची आणि तिथला मूळचा एको पोपट हवे असतील तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात पहाटे जा. वाघळांसाठी वेगळं कुठे जायला नको, लिचीचे दिवस आहेत, संध्याकाळी वर बघत राहा. इल-ओ-झेग्रेतवर दिसतील ती राक्षसी कासवं मात्र सेशेल्सच्या अल्डाब्राची आहेत, मॉरिशसची स्वतःची संपली म्हणून आणलेली. गाईड सांगेलच. आणि जखमी वाघूळ सापडलं तर उघड्या हाताने धरू नका, चावतं.

मागच्या मे महिन्यात पावसला गेले होते. दादाच्या चिकूवर तशीच सैल जाळी होती, त्यात दोन वाघळं वाळून लटकलेली. दादा, सांगाड्याचे पाईप मी घेऊन देते असं तेव्हाच म्हटलं होतं. पावसाळा संपला की मिस्त्रीला बोलाव, पैसे मी पाठवते.