जुनी बोट, मोठं इंजिन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी 1990 ची 24 फुटी डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट आम्ही टेक्सासमधल्या तलावावर चालवतो. आत मर्क्रूझरचं 454 घन इंचाचं, 330 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा गिअरचा भाग), गिअरचं प्रमाण 1.5, पंखा 23 पिचचा (म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री 23 इंच पुढे सरकणारा). पूर्ण थ्रॉटलला 4600 आरपीएमवर जीपीएस ताशी 58 मैल दाखवतं. हल्ली इंजिन तेल खातंय. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा 415 हॉर्सपॉवरचं 502 घन इंचाचं इंजिन बसवलं तर 70 मैल गाठता येतील का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: नाही. 65 च्या आसपास थांबेल. पाण्यावर सरकणाऱ्या बोटीचा वेग हॉर्सपॉवरच्या प्रमाणात नव्हे, तर साधारण तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. 415 ला 330 ने भागा, वर्गमूळ काढा, 1.12 येतं. 58 गुणिले 1.12 म्हणजे 65. ताकद पाव पट वाढली आणि वेग आठवा हिस्सा. 70 मैल हवेच असतील तर हाच हिशेब उलटा केल्यावर 480 हॉर्सपॉवर निघतात. त्या ताकदीला तीस-पस्तीस वर्षं वापरलेल्या ब्राव्हो वनच्या वरच्या गिअरचे दात किती दिवस टिकतील, हा प्रश्न इंजिनाच्या किमतीइतकाच महागात पडतो. तिथे एक्सआर जातीचा मजबूत ड्राइव्ह धरूनच बजेट मांडावं.

पण आधी जुन्या इंजिनाची नाडी बघा. तेल खातंय म्हणजे रिंगाच गेल्या असं नसतं. व्हॉल्व्ह गाइडचे सील कडक झाले तरी तेल जळतं, आणि ते काम इंजिन बाहेर न काढता होतं. इंजिन गरम असताना आठही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या 10 ते 15 टक्क्यांत असतील, तर लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं) केल्याशिवाय इंजिन बाहेर काढू नका.

बदलायचंच ठरलं तर पंख्याचा हिशेब आत्ताच करून ठेवा. आरपीएम गुणिले पिच, या गुणाकाराला (गिअरचं प्रमाण गुणिले 1056) ने भागा, हा झाला घसरण नसतानाचा, म्हणजे पंखा पाण्यात जराही वाया न फिरता मिळणारा, वेग मैलांत. तुमच्या आकड्यांवरून तो 66.8 येतो. प्रत्यक्षात 58 मिळतात, म्हणजे घसरण 13 टक्के, ती ठीकच आहे. तेवढीच घसरण धरली तर 65 मैलांना 23 पिचवर इंजिन 5145 आरपीएम फिरेल, 24 वर 4930 आणि 25 वर 4730. या 502 ची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा 4600 ते 5000 आहे. म्हणजे जुना पंखा ठेवला तर इंजिन मर्यादेबाहेर पळेल. माणसं आणि सामान घेऊन फिरत असाल तर 24 घ्या. 25 पिचवर रिकामी बोट छान पळेल, पण सहा जण बसले की इंजिन 4600 च्या खाली दबेल, आणि दबून चाललेलं इंजिन नॉकिंगने पिस्टन खातं.

बसवताना जिथे हमखास अडतं ते असं. तुमचं 454 बहुधा मार्क फोर, म्हणजे चौथ्या पिढीतलं आहे, तर बाजारात मिळणारी 502 बहुतेक पाचव्या किंवा सहाव्या पिढीतली. माउंट आणि मागचं बेलहाउसिंग जुळतं, म्हणून ‘सगळं तेच’ असं वाटतं. तसं नाही. नव्या पिढीत क्रँकचं मागचं सील एकसंध झालं आणि क्रँकची मागची चकती बदलली. त्यामुळे जुनं फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर चालत नाही, ते इंजिनाबरोबरच घ्यावे. जुनी हेड उचलून नव्या ब्लॉकवर बसवू नका. पाण्याच्या वाटा जुळत नाहीत आणि खास गास्केट न वापरल्यास कूलंट थेट आत झिरपतं. पाचव्या पिढीच्या ब्लॉकला मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागाच नाही, तेव्हा पंप आणि त्याचं वायरिंग वेगळं धरा. 330 हॉर्सपॉवर पूर्ण जोरात तासाला साधारण 100 लिटर पेट्रोल पिते, 415 जवळजवळ 130. टाकीपासूनची नळी, अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) आणि फिल्टर तेवढा पुरवठा करू शकतात का, हे व्हॅक्यूम गेज लावून बघा. नाहीतर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होईल आणि तुम्ही उगाच इग्निशनला दोष द्याल.

इंजिन बाहेर असतं तेव्हाच ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) आणि लांबीचे स्ट्रिंगर (तळाच्या तुळया) नीट दिसतात. या काळातल्या बोटींत फायबरच्या आत प्लायवुड असतं. लाकडी हातोडीने ठोकत जा. टणत्कार येतो तिथे लाकूड शाबूत, भद्द आवाज येतो तिथे शंका. खात्रीसाठी गिंबल हाउसिंगच्या (ड्राइव्ह ट्रान्समला जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टजवळ आतल्या बाजूने छोटं भोक पाडा. कोरडा, फिकट भुसा आला तर उत्तम. काळा, ओला चोथा आला तर 502 ची ऑर्डर थांबवा आणि आधी ट्रान्समचं काम काढा. आमचं स्पष्ट मत, बजेटचा पहिला वाटा इथला.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणणं. अलाइनमेंटचा बार ड्राइव्हच्या जागेतून आत घातल्यावर तो दोन बोटांनी कपलरच्या (इंजिनाला ड्राइव्हच्या दांड्याशी जोडणाऱ्या भागाच्या) दातांत सरकला पाहिजे. बारला ग्रीस लावून बाहेर काढा आणि दातांचे ठसे चहूबाजूंनी सारखे उमटलेत का पाहा. ‘जरा जोर लावला की जातो’ म्हणून काम उरकलं, तर कपलरचे दात एखाद्या सीझनमध्येच गुळगुळीत होतात. आणि अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटीत इंजिन बंद करणारा स्विच बसवलेला असेल, तर वेगात चालवताना त्याची दोरी अंगाला अडकवणं बंधनकारक आहे. 65 मैलांवर तिला पर्याय नाहीच.

प्रश्न: भंगारवाल्याकडे पिकअप ट्रकमधलं 454 निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय. ब्लॉक तर तोच ना? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: ब्लॉक तोच, बाकी संसार वेगळा. 1987 ते 1990 च्या ट्रकमधलं इंजेक्शनचं 454 जेमतेम 230 हॉर्सपॉवरचं, त्याच्या हेडचे पोर्ट इतके बारीक की त्यांना शेंगदाणा म्हणतात. खरा धोका मात्र ठिणगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ट्रकखालून ती वाऱ्याने उडून जाते, बोटीत बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) साचते. म्हणून बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या बनावटीचे असतात, कार्ब्युरेटर भरून वाहिला तर पेट्रोल आतच गळतं आणि वर फ्लेम अरेस्टर (आतली ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) असतो. हे भाग ट्रकचे वापरायचे नाहीत, विषय संपला. शिवाय फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या भोकांची झाकणं) पितळी हवेत, हेड गास्केट आणि पाण्याचा पंप मरीन हवा. एवढं सगळं बदलल्यावर बचत किती उरते, ते कागदावर मांडा. स्टार्ट करण्याआधी ब्लोअर (बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं, हे कोणत्याही इंजिनाला लागू.

प्रश्न: आवाज दमदार यावा म्हणून जास्त ओव्हरलॅपचा कॅम टाकला. आता आयडलवर दोन सिलिंडरच्या प्लगवर पाणी दिसतं. हेड गास्केट गेलं का?

उत्तर: गास्केटची चाचणी करा, पण संशय कॅमवर जास्त. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळलेलं असतं. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे राहिले की कमी आरपीएमला एक्झॉस्ट उलटा ओढला जातो आणि त्याबरोबर पाणीही. जुने रायझर (एक्झॉस्टचे वर चढणारे नळ) आतून गंजले असतील तर आणखी लवकर. कोरडा भाग जास्त लांब असलेले रायझर बसवा किंवा सौम्य कॅम परत टाका. तोवर आयडलवर ताटकळत ठेवू नका, कारण सिलिंडरमध्ये पाणी साचलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेल्या रॉडला आवाज दमदारच असतो.

प्रश्न: अलिबागला 22 फुटी जुनी स्पीडबोट आहे. त्यावरची 2-स्ट्रोक 200 ची जोडी काढून 4-स्ट्रोक 200 ची बसवायची आहे. काय सांभाळावं?

उत्तर: वजन. एकेका इंजिनामागे साधारण 30 ते 40 किलो वाढतात आणि तेही सगळे मागच्या टोकाला. खरेदीआधी ट्रान्समपाशी 80 किलो वाळूची पोती ठेवून टाकी भरून बोट पाण्यात सोडा. मागची पाणी जाण्याची भोकं बुडत असतील किंवा पळताना तोंड वर-खाली आपटत असेल, तर बॅटऱ्या पुढे सरकवून पुन्हा बघा. जोडीतल्या एका इंजिनाचा पंखा उलटा फिरणारा हवा. सेकंडहँड घेताना दोन्ही एकाच दिशेची गळ्यात मारली जातात आणि मग सुकाणू एका बाजूला ओढत राहतं. 400 हॉर्सपॉवरला केबलचं स्टिअरिंग नको, हायड्रॉलिक घ्या. जुनी भोकं नव्या बोल्टांशी जुळत नसतील तर एपॉक्सीने बुजवूनच नवी पाडा, नाहीतर खारं पाणी प्लायवुडमध्ये शिरतं.

आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. टाकी जुन्या फायबरची असेल तर इथेनॉल तिचं रेझिन विरघळवतं आणि तो चिकटा इंजिनात जातो. टाकी बदला, नळ्या बदला आणि 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र लावा.

चाचणी मांडवा-गेटवेच्या वाटेवर घेऊ नका. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि तेराहून अधिक माणसं गेली. मोकळं पाणी, लाइफ जॅकेट, अंगाला किल कॉर्ड (इंजिन बंद करणारी दोरी). आधी जेटीला बांधून गिअर आणि थ्रॉटल दोन्ही बाजूंनी नीट परत येतात का पाहा. मग अर्ध्या थ्रॉटलला सुकाणू शेवटपर्यंत वळवून बघा, आणि पूर्ण थ्रॉटल इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेले रन-इनचे तास भरल्यावरच.