नोकरी सोडून मराठीत कादंबऱ्या लिहून पोट भरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय २७ आहे, पुण्यात बरी नोकरी आहे आणि ती सोडून पूर्णवेळ कादंबरीकार व्हावंसं वाटतंय. कादंबरी जरूर लिहा, नोकरी एवढ्यात सोडू नका. मी सतरा वर्षं लिहितोय. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी आली, तरी रोज नऊच्या एसटीने शाळेत शिकवायला जातोच.

हिशेब करून बघा. नव्या मराठी लेखकाची आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची निघते. किंमत २५० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर हजारच्या हजार प्रती खपल्यावर हातात येतात २५,००० रुपये. माझी कादंबरी लिहायला चार वर्षं लागली आणि पहिली आवृत्ती संपायला तीन.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांचंही पाहा. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, बाबूराव बागूल रेल्वेत होते. दुसरीकडे अण्णा भाऊ साठे. ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या पुस्तकांची कितीतरी भाषांतरं झाली, आणि १९६९ मध्ये ते हलाखीतच गेले. याचा मला अजून त्रास होतो. लिहिणाऱ्याचा भार समाज आपणहून उचलेल, या भरवशावर मी कुणाला नोकरी सोडायला सांगणार नाही.

मालिकांमध्ये पैसा आहे, पण रोजचा एपिसोड माणसाला पिळून काढतो. माझ्या मित्राचं घर त्यावर छान चाललंय. सहा वर्षांत त्याची एकही कथा मात्र आलेली नाही. भाषांतराची कामं मला जास्त मानवली. पैसे थोडे, पण हात चालता राहतो.

आता ज्याकडे नवे लेखक सर्रास दुर्लक्ष करतात ते सांगतो, करार. पहिल्या पुस्तकाच्या आनंदात मी न वाचता सही केली. पुढे एका नाट्यसंस्थेला माझ्या कथेवर एकांकिका करायची होती, तेव्हा कळलं की ‘सर्व हक्क’ प्रकाशकाकडे गेलेत. ती एकांकिका झालीच नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ एकदा शांतपणे वाचा. हक्क देणं लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ असा शब्द छापून तुमची सही घेतली, की ही पाच वर्षं उपयोगाची नाहीत. म्हणून तो शब्द खोडायला लावा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाटक-सिनेमा हे वेगवेगळे हक्क आहेत. ज्याचे पैसे मिळतायत तेवढेच द्या. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप आल्यापासून मराठीत ऑडिओलाही खरी किंमत आली आहे.

सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी कथेचा वाचक तिथे हमखास भेटतो. मानधन कधी हजार-दोन हजार, कधी नुसता अंक. पण चांगला संपादक भेटला तर त्याची किंमत पैशात होत नाही. माझी पहिली कथा दोनदा परत आली, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे लिहून. ‘इथे बाई रडते, पण का ते तुम्हालाच माहीत नाही,’ असा एक शेरा होता. तो कागद मी जपून ठेवलाय.

तुमच्याकडे एखादी पुरी झालेली कथा असेल, तर जूनअखेर पाठवून द्या. त्यानंतर अंकांची पानं भरत जातात. टपालाने पाठवलीत तर एक प्रत स्वतःकडे ठेवा. आणि एकच कथा एका वेळी दोन संपादकांना देऊ नका.