बागेतल्या मॉडेल रेल्वेसाठी डोंगर, बोगदा, नदी खरी वाटेल अशी कशी बनवायची? नदी कुठे दाखवू, कुठला रंग वापरू?

रंगाचं नंतर. तुम्ही ‘नदी कुठे दाखवू’ असं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. एक मोठा पाऊस पडू द्या, पाणी कुठून धावतं ते छत्री घेऊन बघा, नदी तिथेच करा. दुसरीकडे केलेली नदी कितीही रंगवली तरी खोटी दिसते.

माझी लाईन बदलापूरला घरामागे आहे, माथेरानच्या छोट्या गाडीचं मॉडेल. तिथला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 2 फूट; खऱ्या फुटाला मॉडेलवर 16 मिमी धरलं की 32 मिमीचे रूळ बरोब्बर बसतात. पहिल्या वर्षी डोंगर माझ्या मोठ्या भावाने केला. कोंबड्यांची जाळी, त्यावर सिमेंट, वर ऑइलपेंट, खाली निळी नदी आणि तिच्यावर सुंदर कमानींचा पूल. दिसायला छानच होतं. बाबा खुर्ची टाकून बसले होते. रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, म्हणून लागले आणि मुकादम म्हणून रिटायर झाले, बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात काढली. पावसाळ्यात ते रुळांपेक्षा कडेचं गटार आणि मोरीचं, म्हणजे रुळांखालून पाणी जायच्या वाटेचं, तोंड जास्त बघायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कुठून जाणार?" दादा म्हणाला, "बाबा, हे मॉडेल आहे." मीही गप्प बसलो, ते मला अजून लागतं.

जुलैत एका रात्रीत भरावामागे पाणी साठलं आणि सकाळी बघतो तर भराव गेलेला, रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळतायत. जुलै 2005 च्या पावसात खऱ्या माथेरान लाईनचं हेच झालं होतं, भराव वाहून गेले आणि गाडी थेट 2007 ला सुरू झाली.

मग बाबांनी हातात घेतलं. पुढच्या सरीत ते खराट्याच्या काड्या घेऊन भिजत फिरले आणि जिथे जिथे पाण्याची धार दिसली तिथे एकेक काडी खोचली. अकरा काड्या. त्या अकरा जागी अकरा मोऱ्या केल्या, आणि डोंगराच्या वरच्या अंगाला एक आडवं गटार. पूल हवा होता तिथे न येता भलतीकडे, वळणावर आला, आणि तोच आज सगळ्यांना खरा वाटतो.

बाकी पटापट सांगतो. सह्याद्रीचा काळा पाषाण आडव्या थरांत असतो, म्हणून सगळे दगड एकाच पातळीत लावा आणि निम्मे मातीत पुरा. नुसते ठेवलेले दगड ठेवलेलेच दिसतात. रुळांखाली क्रशरची कच दोनदा चाळून घ्या, 3 मिमीच्या आसपासची; खरी खडी साधारण 5 सेंमीची असते, म्हणजे हिशोब जमतो. झाडं जिवंतच लावा. आंब्याचं पान वीतभर, आपल्या स्केलला जेमतेम सेंटिमीटर, त्यामुळे पान बारीक हवं. कुंडीच्या कडेला, ओलसर भिंतीशी आपोआप उगवणारं ते बारीक हिरव्या पानांचं रोपटं असतं ना, नर्सरीत पायलिया म्हणतात, ते उपटून फेकू नका, कात्रीने छाटलं की रान दिसतं. रंग मी कुठेच लावला नाही. दगडांवर ताक शिंपडलं, पहिल्या पावसात शेवाळ आलं.

बोगद्याचं छप्पर उचलता येईल असं करा, मध्ये इंजिन घसरलं तर हात पोचायला हवा.

हे सगळं आमच्याकडच्या पावसाच्या हिशोबाने सांगितलंय. तुम्ही सोलापूर-बीडकडे असाल तर शेवाळ विसरा, वाळलं गवत आणि बोडका खडक ठेवा, तेच तिथलं खरं. मोऱ्या मात्र तिथेही करा, वळवाचा एकच पाऊस पुरतो.

दादा अजून चारचौघांत म्हणतो की सिमेंट कमी पडलं. सिमेंट पोतंभर होतं, जाळी डबल होती. बाबा आता नाहीत, म्हणून हे मीच लिहितोय. दादा, तू वाचशीलच. जूनमध्ये पहिल्या सरीला ये. अकराही मोऱ्यांतून पाणी कसं जातं ते तुला दाखवायचंय.