वाचकांचे प्रश्न : बुटक्या सातपुड्यावरून विमान नेताना

गोंदियाजवळच्या बिरसी तळावर शिकाऊ विमाने उडू लागल्यापासून विदर्भातल्या गावांमधूनही वैमानिक होण्याची आणि त्यातल्या खाचाखोचांची विचारणा येत असते. या अंकात त्यांपैकी डोंगरावरून जाण्यासंबंधीची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझी पुतणी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून परतवाडा, धारणी करत खंडव्याला जायचा मार्ग आखून आण, असा गृहपाठ तिला मिळाला आहे. विमान सेसना 172. सातपुडा म्हणजे काही हिमालय नव्हे. 4500 फुटांवरून गेले तर काय बिघडेल? – निवृत्त शिक्षक, अचलपूर

उत्तर : सर, हिमालयाला सगळे वचकून असतात. सातपुड्याला कोणी भीत नाही, म्हणून चुका इथे होतात. डोंगर बुटका, पण ऊन आणि ढग मिळून वरची मोकळी जागा खाऊन टाकतात.

पुतणीला आधी रेघ मारू देऊ नका, पट्टा आखू द्या. मार्गाच्या दोन्ही बाजूंना 8 किलोमीटर, म्हणजे एकूण 16 किलोमीटर रुंद. त्या पट्ट्यातले सर्वांत उंच ठिकाण शोधायचे. परतवाडा ते धारणी ही रेघ जवळपास चिखलदऱ्याच्या डोक्यावरून जाते आणि पट्ट्यात वैराट येते. त्याची उंची 1178 मीटर. पहिली फसगत इथेच होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर उंची मीटरमध्ये असते आणि विमानातले उंचीमापक फुटांत बोलते. 1178 ला 3.28 ने गुणा, 3864 फूट झाले. डोंगराळ भागात त्यावर 2000 फूट मोकळे हवेत. हा दंडक मुळात उपकरणांवर चालणाऱ्या उड्डाणांचा, पण डोळ्यांनी बघत जाणाऱ्यानेही तो पाळावा. बेरीज झाली 5864. तुमचे 4500 फूट म्हणजे वैराटच्या माथ्यावर जेमतेम 640 फूट. त्यातून झाडे आणि मोबाइलचे मनोरे वजा करा.

आता पातळी. पश्चिमेकडे, म्हणजे 180 ते 359 अंशांच्या दिशेने जाताना सम हजार अधिक 500 अशी पातळी घेतात. 4500 कमी पडते, म्हणून 6500. परतीला पूर्वेकडे विषम हजार अधिक 500. तिथे 5500 चालत नाही, थेट 7500 घ्यावे लागते. जाता-येताची उंची एकच धरणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.

आणखी एक हिशेब बहुतेक जण सोडून देतात. उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगते, आणि वरच्या पातळीवर ते 1013 हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) या प्रमाण दाबावर लावलेले असते. पावसाळ्यात आपल्याकडे समुद्रसपाटीचा दाब 1000 च्या आसपास उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण 30 फूट धरले, तर 13 चे 390. काटा 6500 दाखवतो आणि विमान 6100 च्या जवळपास असते. वैराटवर अजून 2200 फूट उरतात, म्हणून निभावते. 5900 वर ‘अगदी नेमके’ बसवणाऱ्याचे निभावणार नाही.

पुढे चढाई. बेलोरा सुमारे 1100 फुटांवर, म्हणजे 5400 फूट चढायचे. मिनिटाला 400 फूट मिळाले तर साडेतेरा मिनिटे आणि 18 नॉटिकल मैल (विमानातला मैल, सुमारे 1.85 किलोमीटरचा; पुढेही मैल म्हणजे हाच) लागतात. परतवाडा सुमारे 30 मैलांवर, त्यामुळे जमते. मे महिन्यातल्या दुपारी भरल्या विमानाला 250 फूटच मिळाले तर 29 मैल लागतात आणि परतवाडा येईपर्यंत उंची कशीबशी होते. तशा वेळी मैदानावरच गोल घिरट्या घेऊन उंची कमवावी. डोंगराकडे तोंड करून चढत जाऊ नये.

परतायचे ठिकाणही जमिनीवर बसूनच ठरवायचे आणि आराखड्यावर लाल पेनाने लिहायचे : ‘परतवाड्यावर 6500 नसेल किंवा चिखलदऱ्याचे पठार स्वच्छ दिसत नसेल, तर डावीकडे वळून अकोला.’ हवेत गेल्यावर मन ‘थोडे पुढे जाऊन बघू’ म्हणतेच. कागदावर लिहिलेले असले की वाद होत नाही.

आमचे मत विचाराल तर हा मार्गच घेऊ नये. बेलोरा, अकोला, मलकापूर, बुऱ्हाणपूर, खंडवा असे पूर्णेच्या खोऱ्यातून, शक्य तिथे रेल्वे धरून जावे. सरळ मार्ग सुमारे 105 मैल, हा सुमारे 145. ताशी 105 मैलांच्या वेगाला 23 मिनिटे जास्त लागतात, आणि तासाला 35 लिटर धरले तर 13 लिटर इंधन. बुऱ्हाणपूरपुढे असीरगडाचा डोंगर तेवढा सांभाळायचा. एवढ्या खर्चात मेळघाटाचे जंगल टळते. इंजिन बंद पडले तर हे विमान 1000 फुटांत साधारण दीड मैल तरंगते. वैराटवर 6500 फुटांवरून चार मैलांच्या आत जागा शोधावी लागेल, आणि चार मैलांत सागाशिवाय काही नाही. मैदानावर त्याच उंचीतून आठ मैल मिळतात, आणि खाली शेते.

प्रश्न : आमच्या भागावरून कधीमधी लहान विमान जाते, ते सकाळीच. उन्हाळ्यात दुपारी काऊन दिसत नाही बा? – शेतकरी, धारणी तालुका

उत्तर : भाऊ, दुपारच्या वावटळी तुम्ही शेतात बघता. तीच हवा वर अदृश्य असते. नांगरलेले काळे शेत तापते, जंगल त्यामानाने थंड राहते, म्हणून एका ठिकाणी हवा वर उसळते आणि शेजारी खाली बसते.

त्यात उन्हाळ्यातला वारा बहुधा पश्चिमेकडून, वायव्येकडून. सातपुड्यातली गाविलगडाची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. म्हणजे परतवाड्याकडचा उभा कडा वाऱ्याच्या आडोशाला येतो. वारा पठारावरून येऊन कड्यावरून खाली कोसळतो, धबधब्यासारखा. दक्षिणेकडून येणारे विमान त्या धबधब्यात शिरते. स्वतःची चढाई मिनिटाला 400 फूट आणि हवा 600 ने खाली ओढते आहे, असे असेल तर नाक वर असूनही विमान बुडत जाते. घाबरून नाक आणखी ओढले की वेग पडतो आणि पंखांचा आधार सुटतो.

म्हणून कड्याला काटकोनात जात नाहीत, 45 अंशांनी तिरके जातात. मग नुसते 90 अंश वळले की मैदानाकडे तोंड होते. माथ्यावर वारा 20 ते 25 नॉटच्या (ताशी नॉटिकल मैलांच्या) वर असेल तर तो दिवस सोडून द्यावा. उन्हाळ्यात दहाच्या आत डोंगर ओलांडून झालेला बरा.

माथा पार होईल की नाही हे डोळ्यांनीही कळते. जवळच्या धारेमागचा दूरचा प्रदेश हळूहळू जास्त दिसू लागला तर तुम्ही धारेच्या वर आहात. दिसणारा भाग धारेआड बुडू लागला तर खाली आहात, लगेच वळा.

प्रश्न : मे महिन्यात शिकाऊ विमानात टाकी अर्धीच भरतात, असे ऐकले. पेट्रोलची बचत का? – विद्यार्थी, देवरी

उत्तर : वजनाची बचत. समुद्रसपाटीला 15 अंश हे प्रमाण तापमान, आणि दर 1000 फुटांना ते 2 अंशांनी उतरते. म्हणजे 1000 फुटांवरच्या धावपट्टीला 13 अंश. पारा 45 वर असेल तर फरक 32. प्रत्येक अंशाला 120 फूट धरा, 3840 होतात. त्यात मूळचे 1000 मिळवले की 4840. धावपट्टी हजार फुटांवर असली तरी इंजिनाला, पंख्याला आणि पंखांना हवा 4800 फुटांवरची, विरळ मिळते. धाव लांबते, चढाई मंदावते. डिसेंबरच्या सकाळी 15 अंश असतील तर हाच आकडा 1240 येतो.

मात्र टाकी अर्धी म्हणजे इंधनाचा हिशेब अर्धा नव्हे. मार्गाचे, वळून पर्यायी तळावर जाण्याचे आणि वर किमान 30 मिनिटांचे इंधन हवेच. डोंगरी मार्गाला आम्ही 60 मिनिटांचे सांगू. तेवढे बसत नसेल तर माणूस किंवा सामान उतरवा.

प्रश्न : पावसाळ्यात ढग खाली असले तर सिपना नदी धरून दरीतून गेले की डोंगर आडवा येणारच नाही ना? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, परतवाडा

उत्तर : नदी डोंगरातून वाट काढते, ती पाण्यापुरती. वर जाल तशी दरी अरुंद होते, तळ चढत जातो आणि ढग मात्र जागेवरच असतो. दोहोंच्या मध्ये विमान सापडते. वळायला किती जागा लागते ते बघा : 90 नॉट वेगाला 30 अंश कलून वळल्यास त्रिज्या सुमारे 1250 फूट, म्हणजे उलट फिरायला 2500 फूट रुंदी. वेग 60 वर आणला तर हीच रुंदी 1100 वर येते, पण तिथे पंखांचा आधार सुटायला फारसे अंतर उरत नाही. शिवाय 45 अंश कललात तर आधार सुटण्याचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो. दरीत जावेच लागले तर मधोमध जाऊ नका. एका कडेने जा, म्हणजे वळायला सगळी रुंदी मिळते. खालून वर नव्हे, वरच्या तोंडाने शिरून उताराकडे जा. आणि दरीवर आडव्या ताणलेल्या विजेच्या तारा दिसत नाहीत, दिसतात ते दोन्ही काठांवरचे मनोरे. नजर त्यांवर ठेवा.

ढगाचा तळ घरबसल्या काढता येतो. तापमान वजा दवबिंदू, गुणिले 400. परतवाड्यात 26 आणि 24 असतील तर 800 फूट. परतवाडा स्वतः सुमारे 1200 फुटांवर, म्हणजे ढग 2000 फुटांपासून सुरू. चिखलदरा 3600 च्या वर. पर्यटकांना आवडणारे ते धुके म्हणजे वैमानिकाच्या वाटेतला ढगच. डोळ्यांनी उडणाऱ्याला 5 किलोमीटर दृश्यमानता आणि ढगापासून उभे 1000 फूट अंतर लागते. तेवढे नसेल तर घरी थांबावे.

प्रश्न : फोनवरच्या नकाशाने काम भागत नाही का? – गोरेगाव, जि. गोंदिया

उत्तर : सोबतीला ठेवा, भरवशाला नको. फोन उन्हात तापून बंद पडतो. कागदी नकाशावर दर 10 मैलांना खूण, वेळ आणि दिशा लिहिलेली असावी. उड्डाणाचा आराखडा दाखल करून हवाई संरक्षण परवान्याचा क्रमांक घ्यावाच लागतो, तो फोनवरचा नकाशा देत नाही.

प्रश्न : विमान शेतात उतरलेच तर कोणते शेत बरे? आणि आम्ही काय करावे? – संत्रा उत्पादक, वरूड

उत्तर : तुमची बाग नक्कीच नको. तूर उभी असेल तेही नको, ती चाकांत गुंतते. उलंगवाडी झालेली पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपलेली कपाशी, दुरून मोकळी वाटते, पण तिच्या काड्या टणक असतात. हरभरा काढलेले, वखरलेले, कोरडे शेत सर्वांत चांगले. तिथे सरींच्या दिशेने उतरावे. काळी जमीन ओली असेल तर पुढचे चाक रुतते आणि विमान नाकावर पालथे होते. पूर्वेकडे धानाच्या बांध्या असतात. धुऱ्याला (बांधाला) आडवे गेले तर चाके तुटतात, म्हणून बांधीच्या लांबीने उतरायचे. कठडा नसलेली विहीर वरून शेवटपर्यंत दिसत नाही, विजेचे खांब मात्र दिसतात. खांबांची रांग टाळली की तारही टळते.

तुम्ही पंख्यासमोर उभे राहू नका, तो थांबलेला असला तरी. बिडी, काडेपेटी लांब ठेवा. या विमानांचे इंधन फिकट निळे असते आणि ते पेट्रोलच आहे. जमिनीवर निळा ओघळ दिसला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला माणसांना न्या. 112 ला फोन करून गाव, शिवार आणि जवळचा रस्ता सांगा. माणसे काढायला जेवढे हलवावे लागेल तेवढेच हलवा. चाके, पंखे, तुकडे जिथे पडले तिथेच राहू द्या आणि पोरांना फोटोसाठी पंखावर चढू देऊ नका.